सीमोर स्ट्रीटवरचं हॉटेल आणि आईचा मऊभात

२००९ ला मी लंडनला आले तेव्हा माझं पहिलं ऑफिस पोर्टमन स्क्वेअरच्या जवळ होतं. दुपारी डबा खाऊन झाला की मी कॉलिंग कार्डवरनं मिरजेला आईला फोन लावायचे आणि बोलत बोलत आजूबाजूच्या रस्त्यांवर चक्कर मारायचे, कारण ऑफिसात मराठीत मोठ्यानं बोलायला तेव्हा संकोच वाटायचा. त्या चकरेत सीमोर स्ट्रीट रोज लागायचा. तिथे चर्चिल हॉटेलच्या इमारतीतच पण रस्त्यावरनं वेगळं दार असलेलं एक इटालियन रेस्टॉरंट होतं, लोकांडा लोकाटेली. दार उघडलं की आतला पिवळट उजेड फुटपाथवर पडायचा आणि कधीकधी भाजलेल्या ब्रेडचा वास यायचा, आणि थंडीत डबा खाल्लेला असला तरी त्या वासानं परत भूक लागायची. आई फोनवर विचारायची आज काय दिसलं, मी सांगायचे. एकदा तिला सांगितलं की लोकांडा म्हणजे त्यांच्या भाषेत उतरायची-जेवायची साधी जागा, आपल्याकडची खाणावळच जवळजवळ. झालं, तेव्हापासून तिच्यासाठी ते "तुझ्या ऑफिसशेजारची खाणावळ" झालं.

आईला खाणावळ हा शब्द जवळचा, कारण तिची आत्या मिरजेत खाणावळ चालवायची. मेडिकलची पोरं जेवायला यायची, आणि आई शाळेतनं आली की तिच्याकडे पोळ्या लाटायला बसायची. त्यामुळे हॉटेलातलं जेवण आई आपल्यासारखं नुसतं खात नाही, ती सगळं बघते. भात किती शिजलाय, वाढणारा कसा वाढतोय, शेजारच्या टेबलावरचं पाणी संपलंय ते त्याच्या लक्षात आलंय का.

तर ते रेस्टॉरंट. जॉर्जियो लोकाटेली आणि त्याची बायको प्लॅक्सी यांनी २००२ ला सुरू केलेलं. हा माणूस उत्तर इटलीतल्या लोम्बार्डीतल्या कोर्जेनो गावचा, घरच्यांचं तिथे तळ्याकाठी हॉटेल, म्हणजे लहानपणापासून तेच बघत वाढलेला. लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेलमध्ये काम केलं, मधे पॅरिसला गेला, मग झाफेरानो नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नाव कमावलं आणि नंतर हे स्वतःचं. उघडल्यावर वर्षभरात, २००३ ला मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, मिळाला आणि तो त्यांनी वर्षानुवर्षं टिकवला. हे सगळं मी पुढे हळूहळू वाचत गेले. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की इथलं एक जेवण म्हणजे आमच्या किलबर्नमधल्या खोलीच्या भाड्याचा चांगलाच मोठा हिस्सा. म्हणून जाऊ कधीतरी. मग ऑफिस बदललं, लग्न झालं, हॅरोला घर घेतलं, मुलगी झाली, आणि ते "कधीतरी" पंधरा वर्षं तसंच राहिलं. २०१४ च्या नोव्हेंबरात चर्चिल हॉटेलच्या तळघरात गॅसचा स्फोट झाला, माणसं जखमी झाली आणि रेस्टॉरंट काही महिने बंद होतं, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. खरंतर आपण तिथे कधी पाय पण ठेवलेला नाही, पण रोज बघितलेल्या जागेचं असं होतं.

२०२४ ला आई दिवाळीला आमच्याकडे आली. एका रात्री डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळातनं परत येताना गाडीत तिनं सहज विचारलं, "अगं ती तुझ्या ऑफिसशेजारची खाणावळ, गेलीस का गं कधी?" मी म्हटलं नाही. ती काहीच बोलली नाही पुढे, पण नवऱ्यानं गाडी चालवता चालवता आरशातनं माझ्याकडे बघितलं आणि घरी आल्या आल्या लॅपटॉप उघडला. नोव्हेंबरातला एक शनिवार, दुपारचं टेबल, तिघांचं. मुलीची त्या दिवशी मैत्रिणीकडे पार्टी होती, तिला पास्त्यापेक्षा तीच महत्त्वाची होती.

ते रेस्टॉरंट त्याच वर्षाच्या शेवटी कायमचं बंद होणारे, हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणून मला हे नीट लिहून ठेवायचंय.

बुकिंगनंतर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो आईच्या जेवणावर. आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण चालत नाही. आणि इटालियन जेवण म्हटलं की आपल्याला वाटतं व्हेज खूप मिळतं, पिझ्झा पास्ता चीज. तसं नाहीये. पार्मेजान चीज, म्हणजे पार्मिजानो रेजानो, दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरूनच करतात, त्यांचा नियमच तसा आहे. ग्राना पादानोचंही तेच. मला हे इंग्लंडात येऊन बऱ्याच वर्षांनी कळलं आणि तोपर्यंत मी आईला किती वेळा ते किसून घातलं होतं, आठवून पोटात कालवलं होतं. ताजा पास्ता, टॅलियातेल्ले वगैरे, बहुतेक अंड्यात मळलेला. मिलानी रिसोट्टोत, म्हणजे त्यांच्या मऊसर भातात, परंपरेनं हाडाच्या नळीतली मज्जा आणि मांसाचा स्टॉक. गोडात बघावं तर पानाकोट्टात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, तिरामिसूत अंडं. पालेभाजी घातलेल्या पास्त्यात सुद्धा चव यायला अँचोव्ही मासा विरघळवलेला असू शकतो, दिसत पण नाही. ज्यांच्या घरी आई-वडील असे कडक शाकाहारी आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, एकेक गोष्ट विचारा, अंडं, रेनेट, स्टॉक, जिलेटिन, अँचोव्ही. मी फोन करून हे पाचही शब्द सांगितले. पलीकडच्या बाईनं शांतपणे सगळं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि म्हणाली किचनशी बोलून ठेवते. एवढ्यानं निम्मा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी आईनं इरकल नेसली, वर माझा जाड कोट, पायात मोजे आणि बूट. हॅरोवरनं मेट्रोपॉलिटन लाइननं बेकर स्ट्रीट, तिथनं हळूहळू चालत खाली. गुडघ्यांमुळे दोनदा थांबलो. पोर्टमन स्क्वेअरला मी तिला ऑफिसची जुनी इमारत दाखवली, इथनं फोन करायचे तुला म्हणून. तिनं वर बघितलं, म्हणाली, "एवढ्या थंडीत बाहेर उभी राहून बोलायचीस होय."

आत शिरल्यावर कोट काढून घेतात आणि नंबराचा बिल्ला देतात. आई कोट द्यायला तयार नव्हती, तिची छोटी पर्स कोटाच्या खिशात, चष्मा खिशात, रुमाल खिशात. त्या मुलीनं अजिबात घाई केली नाही, एकेक वस्तू काढेपर्यंत हसून उभी राहिली. आतली सजावट डेव्हिड कॉलिन्स या डिझायनरची, फिकट चामड्याची गोलसर बाकं, लाकूड, नक्षी कोरलेल्या काचा, आणि भिंतीवर फुगीर गोल आरसे. त्या आरशांत अख्खी खोली वाटीत मावल्यासारखी दिसते. आईला बाकावर पाठ टेकायला जागा मिळाली आणि आवाज पण फार नव्हता, मोठ्या रेस्टॉरंटमध्ये हे क्वचित मिळतं.

पहिल्यांदा ब्रेड आला. मी पंधरा वर्षं ज्याचा वास घेतला तो हा. टोपलीत तीन-चार प्रकार, हातभर लांब ग्रिस्सिनी, म्हणजे कुरकुरीत काड्या, आणि फोकाच्या. फोकाच्यात असतं काय, मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, ऑलिव्ह तेल, पण ते पीठ इतकं सैल ठेवतात की बोटानं खड्डे पाडून त्यात तेल-पाणी साचू देतात आणि मग भाजतात, त्यामुळे वरनं खरपूस आणि आतनं ओलसर. आईनं एक तुकडा मोडला, आतली जाळी बघितली, बोटानं दाबली, ती परत वर आली. "पीठ चांगलं उठलंय," म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला. ग्रिस्सिनीमध्ये चीज असतं म्हणून वाढणाऱ्यानं आपणहून आईच्या बाजूला त्या ठेवल्याच नाहीत. आम्ही काही म्हणायच्या आधी. मला तिथेच कळलं की आज काळजी करायची गरज नाही.

तो वाढणारा मुलगा तिशीचा असेल, दक्षिण इटलीतल्या पुग्लियाचा. आधी मेन्यू समजावून सांगितला. इटालियन मेन्यूचे टप्पे असतात, आंतिपास्ती म्हणजे सुरुवातीचं, प्रिमी म्हणजे पास्ता-भात, सेकोंदी म्हणजे मासे-मांस, आणि दोल्ची गोड. त्यांच्याकडे पास्ता हे मुख्य जेवण नाही, तो मधला टप्पा, म्हणून प्लेटमध्ये थोडा येतो, आणि आपल्याला वाटतं एवढ्याशाचे इतके पैसे. सगळे टप्पे घ्यायलाच पाहिजेत असं काही नाही. आम्ही तिघांत दोन सुरुवातीचे, मग एकेक, असं ठरवलं.

आईचं सांगताना तो म्हणाला की आमच्या गावाकडे पास्त्यात अंडं घालतच नाहीत, रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी बास, अंड्याचा पास्ता उत्तरेकडचा. माझी आजी लाकडाच्या पाटावर अंगठ्यानं दाबून कानाच्या आकाराचे ओरेक्किएत्ते करते. मी हे आईला मराठीत सांगितलं, तर आईनं टेबलक्लॉथवर अंगठा दाबून पुढे ओढून दाखवला, असं का? तो एकदम खूश, हो हो अगदी असंच. आईनं सांगितलं आमच्याकडे मालत्या करतात, गव्हल्या करतात, हातानंच वळतात, लग्नाच्या आधी बायका एकत्र बसून. मी भाषांतर करत होते आणि मला कळत नव्हतं की गव्हल्या इटालियन माणसाला इंग्रजीत कसं सांगायचं, पण त्यांना माझी फारशी गरज नव्हती, दोघांची बोटंच बोलत होती.

तरी शेवटी आईनं भातच घेतला. रिसोट्टो, पोर्चिनी मशरूमचा, भाज्यांच्या स्टॉकमधला, चीज न घालता. तो म्हणाला वीसेक मिनिटं लागतील, आधी करून ठेवता येत नाही. आई म्हणाली लागू देत, भाताला घाई करू नये.

मधे एक गोष्ट झाली. नोव्हेंबर म्हणजे पांढऱ्या ट्रफलचा सीझन, इटलीत आल्बाच्या बाजूला जंगलात जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी ही बुरशी, कुत्र्यांना वासावर शोधायला लावतात. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी पास्त्यावर ते किसत होते आणि वास आमच्यापर्यंत आला. आई म्हणाली, "हिंग कुणी घातला?" मी त्या मुलाला सांगितलं, तर तो झाकणाखालचा तो बटाट्यासारखा दिसणारा गोळा घेऊन आला आणि आईच्या समोर धरला. आईनं डोळे मिटून वास घेतला. हिंग, थोडा लसूण, आणि पहिल्या पावसानंतर परड्यातल्या मातीचा, असं तिनं सांगितलं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. भाव ग्रॅमवर असतो, आम्ही घेणार नव्हतो हे त्याला दिसत होतंच, तरी त्यानं आणून दाखवलं. मी ते विसरणार नाही.

सुरुवातीला कच्च्या आर्टिचोकचं कागदासारखं पातळ कापलेलं सॅलड आलं, आईच्या प्लेटवर पार्मेजान नाही. चांगलं होतं, जरा तुरट, त्यावर जास्त लिहित नाही.

मग मुख्य. नवरा रत्नागिरीचा, त्यानं मासा घेतला, मीठ आणि हर्बच्या कवचात भाजलेला सीबास. अख्खा मासा मिठाच्या जाड थरात लिंपून भट्टीत घालतात, मीठ कडक होतं आणि आत मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. कवच फोडून त्याचं मांस काढून प्लेटमध्ये देतात. खारट होईल असं वाटतं पण होत नाही. तो एरवी बाहेरच्या माशाला नावं ठेवतो, त्याच्या आईच्या हातचं कालवण ते कालवण. इथे पहिला घास खाऊन नुसता गप्प बसला आणि मग म्हणाला, "मासा ताजा असला की मसाला लागत नाही असं बाबा म्हणायचे, ते हे." माझ्याकडे चेस्टनटच्या पिठाचे टॅलियातेल्ले, रानमशरूम घातलेले. चेस्टनटचं पीठ किंचित गोड असतं, आपल्या शिंगाड्याच्या पिठासारखं थोडं, त्यामुळे मशरूमचा मातकटपणा आणि तो गोडवा असं दोन्ही एकदम तोंडात येतं. मी मुद्दाम हळू खाल्लं.

पण त्या दिवसाची गोष्ट म्हणजे आईचा भात. तो मुलगा प्लेट घेऊन आला, सपाट प्लेट, त्यात मधोमध भात, आणि ठेवायच्या आधी त्यानं प्लेट तिरकी धरून खालनं तळहातानं एकदा थाप मारली. भात लाटेसारखा सरकून सगळ्या प्लेटभर पसरला. म्हणाला याला आल्लोंदा म्हणतात, ओंदा म्हणजे लाट. रिसोट्टो ढिगासारखा उभा राहिला तर चुकला, पाण्यासारखा पळाला तरी चुकला. आईनं ते बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं हा आपला मऊभात." आणि खाल्ल्यावर परत म्हणाली, "नाही. मऊभात नाही. कणी आहे आत."

हे तिला पहिल्या घासाला कळलं. मऊभातात, गुरगुट्या भातात दाणा पूर्ण फुटतो, तेच तर हवं असतं. इथे बाहेरनं सगळं एकजीव, लोण्यासारखं, आणि प्रत्येक दाण्याच्या आत एक बारीक कणी शिल्लक. तिनं विचारलं कसं करतात. मुलगा म्हणाला तांदूळ कार्नारोली, पो नदीच्या खोऱ्यातला, जाड दाण्याचा. तो धुवायचा नाही कारण वरचा स्टार्च हवा असतो. आधी लोण्यात कोरडाच परतायचा, दाणा हाताला गरम लागेपर्यंत, त्यामुळे तो पटकन फुटत नाही. मग उकळता स्टॉक डावडाव घालत राहायचं, आणि शेवटी आचेवरनं खाली उतरवून थंडगार लोणी घालून जोरात घोटायचं. तांदूळ धुवायचा नाही हे आईला पटेना. तिनं दोनदा विचारलं. त्यानं किचनमध्ये जाऊन खात्री करून आल्यासारखं परत येऊन सांगितलं, नाही, धुवायचा नाही. मग एका चिठ्ठीवर तांदळाचं नाव लिहून दिलं. आईनं ती पर्समध्ये घडी घालून ठेवली.

तिनं प्लेट पुसून खाल्ली. माझी आई, जी एरवी बाहेर अर्धं टाकते.

गोडाला आम्ही तिरामिसू वाटून घेतलं, आईला पेअरचं सॉर्बे, कारण त्यात अंडं-दूध काही नव्हतं. मग बिल. दोनशे पाऊंडाच्या वर गेलं. तेव्हा पाऊंड १०७ रुपयांच्या आसपास होता आणि आई मनात गुणाकार करणार हे मला माहीत होतं, म्हणून मी बिलाचं पाकीट माझ्याकडे ओढलं, पण तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं वाढणाऱ्या मुलाला यातलं काय मिळतं. मला सांगता आलं की लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज लावतात आणि त्याच ऑक्टोबरच्या १ तारखेपासून इकडे कायदा आलाय, टिप आणि सर्व्हिस चार्जचे सगळे पैसे मालकाला कामगारांनाच द्यावे लागतात. आई म्हणाली हे बरं झालं. निघताना तिनं त्या मुलाच्या डोक्याला हात लावला, तो उंच होता, त्याला वाकावं लागलं. "पुढच्या वेळी आले की तुझ्या आजीचा पास्ता," असं तिनं मला सांगायला लावलं. तो म्हणाला, वाट बघतो.

आई नोव्हेंबरच्या शेवटी परत गेली. २०२५ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, मी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये फोन चाळत होते आणि बातमी दिसली, लोकांडा लोकाटेली जवळजवळ २३ वर्षांनी बंद, डिसेंबरअखेर शेवटची सर्व्हिस होऊन गेली. मी वेम्बली पार्कपासून बेकर स्ट्रीटपर्यंत तीच बातमी परत परत वाचत होते.

लंडनमध्ये जागा बंद होतात, मला त्याची सवय असायला हवी. २०२३ च्या सप्टेंबरात स्ट्रँडवरचा इंडिया क्लब बंद झाला, १९५१ पासूनचा, भारताच्या स्वातंत्र्यासाठी इकडे झटणाऱ्या कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी जोडलेला. तेव्हा आधी कळलं होतं. आम्ही जाऊन त्या अरुंद जिन्याच्या रांगेत उभे राहिलो, मसाला डोसा खाल्ला, भिंतीवरच्या तसबिरींचे फोटो काढले, काउंटरवरच्या माणसांना थँक यू म्हटलं, शेजारच्या टेबलावरच्या एक आजी रडत होत्या आणि त्यांच्याकडे बघून मी पण रडले. ल गावरोश हे फ्रेंच रेस्टॉरंट, १९६७ पासूनचं, तेही २०२४ च्या जानेवारीत सांगून बंद झालं. लोकांना शेवटचं टेबल मिळवता आलं. इथे आम्ही निरोप न घेता निरोप घेतला होता. मला सारखं वाटत होतं की माहीत असतं तर मी काय वेगळं केलं असतं, फोटो काढले असते, त्या मुलाचा नंबर घेतला असता, ब्रेडची टोपली अजून एकदा मागितली असती. आणि मग वाटायचं माहीत असतं तर आई तशी जेवली असती का.

दुपारी डबा खाल्ल्यावर आईला फोन केला. सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या मुलाला माहीत असेल का गं तेव्हा?"

मी म्हटलं काय माहीत.

"आत्यानं पण नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. आणि मग तिनं मला एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती. आत्याचे गुडघे गेले होते, खाणावळ झेपत नव्हती, बंद करायचं तिनं महिनाभर आधीच ठरवलं होतं, पण पोरांना सांगितलं नाही. शेवटच्या रविवारी तिनं पुरणपोळी केली, पोरं म्हणाली आज काय सण, ती म्हणाली काही नाही, वाटलं केली. सगळे पोटभर जेवून, ताट पुढे सरकवून नेहमीसारखे निघून गेले. सोमवारी दाराला पाटी. आईनं तिला विचारलं होतं का नाही सांगितलंस, तर आत्या म्हणाली सांगितलं असतं तर पोरं जेवली नसती, माझ्या तोंडाकडे बघत बसली असती. आई तेव्हा चौदा वर्षांची होती.

मे महिन्यात लोकाटेलीनं नॅशनल गॅलरीच्या सेन्सबरी विंगमध्ये नवीन रेस्टॉरंट सुरू केलं, हे पण मी आईला सांगितलं. तिनं विचारलं तो मुलगा तिथे आहे का. मी अजून गेले नाहीये. जाईन, पण मला आधी दुसरं काम करायचं होतं.

या गणपतीला मिरजेला गेले तेव्हा बॅगेत कार्नारोली तांदळाचं एक किलोचं पाकीट नेलं. आईच्या फ्रिजवर ती चिठ्ठी चुंबकाखाली लावलेली होती, निळी शाई जरा पसरली होती. तिनं मधल्या काळात आंबेमोहोर घेऊन बघितला होता, मग इंद्रायणी. वास छान येतो म्हणाली, लाट पण येते, पण कणी राहत नाही, दाणा विरघळतो. विसर्जनानंतर दोन दिवसांनी तिनं गॅसवर पातेलं ठेवलं. तांदूळ हातात घेतला, सवयीनं नळाकडे गेली, नळ सोडला, आणि बंद केला. घरच्या लोण्यात परतला. शेजारच्या शेगडीवर कांदा, गाजर, मिरीचं पाणी उकळत होतं, ते डावानं घालत राहिली, मधे मधे एक दाणा काढून दोन बोटांत चिरडून बघत. मी वेळ लावली होती, एकोणीस मिनिटं झाली तेव्हा तिनं पातेलं खाली उतरवलं आणि लोण्याचा गोळा टाकून घोटायला लागली, खांदा दुखतो तिचा तरी मला डाव दिला नाही.

मग स्टीलच्या ताटलीत भात काढला, ताटली जरा तिरकी धरली आणि खालनं तळहातानं थाप मारली. भात सावकाश सरकत काठापर्यंत आला आणि थांबला.

"आली बघ," ती म्हणाली, आणि एक दाणा उचलून माझ्यापुढे धरला, कणी बघ म्हणून.